देव स्वतःला सिद्ध का करत नाही?

२१ सप्टेंबर १९९५ चा दिवस अनेक घरांत अजून विसरला गेलेला नाही. दिल्लीतल्या एका मंदिरात पहाटे गणपती चमच्याने दूध प्यायला, अशी बातमी पसरली आणि बघता बघता देशभरातील मंदिरांपुढे रांगा लागल्या. कचेऱ्या ओस पडल्या, दूध मिळेनासे झाले. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागातील शास्त्रज्ञांनी मग दुधात रंग मिसळून तोच प्रयोग करून दाखवला. दूध मूर्तीच्या पोटात जात नव्हते. पृष्ठताणामुळे ते चमच्यातून वर ओढले जाई आणि पातळ थर होऊन मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळे. पांढऱ्या मूर्तीवर पांढरे दूध दिसत नव्हते, एवढेच. पण तोपर्यंत ज्यांना जे पाहायचे होते ते त्यांनी पाहिले होते.

असाच प्रसंग पुढे मुंबईच्या ख्रिस्ती समाजात घडला आणि त्याचा धागा पुन्हा दिल्लीपर्यंत आला. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याजवळच्या इर्ला येथील वेलंकनी मातेच्या चर्चमध्ये क्रूसावरील येशूच्या पायांतून पाण्याचे थेंब टपकू लागले. भाविकांची गर्दी जमली. लोक ते पाणी बाटल्यांत भरून नेऊ लागले, काहींनी ते तीर्थासारखे प्यायलेही. एका दूरचित्रवाहिनीने दिल्लीत राहणारे बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांना बोलावून घेतले. हे तेच गृहस्थ, ज्यांनी २००८ मध्ये एका तांत्रिकाला कॅमेऱ्यासमोर आव्हान दिले होते, की मंत्राने मला मारून दाखव. तांत्रिक दमला, एडामारुकू हसत बसून राहिले.

इर्ल्याला पोहोचल्यावर त्यांनी क्रूसाकडे कमी आणि भिंतीकडे जास्त पाहिले. जवळच्या न्हाणीघराचे सांडपाणी वाहून नेणारा नाला तुंबला होता. ते पाणी भिंतीत मुरत होते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे केशाकर्षणाने वर चढून क्रूसापर्यंत पोहोचत होते. तिथून खिळ्याच्या भोकावाटे बाहेर पडून ते पायांवरून टपकत होते. म्हणजे भाविक जे पीत होते, ते काय होते हे सांगायला नको.

भिंतीचा प्रश्न इथे सुटला, माणसांचा मात्र सुरू झाला. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत एडामारुकू यांनी चर्चवर चमत्कारांच्या आधारे पैसा मिळवण्याचा आणि विज्ञानाला विरोध करण्याचा आरोप केला. काही ख्रिस्ती संघटनांच्या लोकांनी त्यांच्याविरुद्ध मुंबईत पोलिसांकडे तक्रारी नोंदवल्या. कलम होते भारतीय दंड संहितेचे २९५ अ, म्हणजे धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणे. मुंबईच्या धर्मप्रांताचे म्हणणे असे, की चर्चने हा चमत्कार असल्याचे कधीच जाहीर केलेले नाही, मात्र एडामारुकू यांनी आपल्या आरोपांबद्दल माफी मागावी. त्यांनी ती मागितली नाही. अटकेची टांगती तलवार असताना २०१२ च्या उन्हाळ्यानंतर ते फिनलंडला निघून गेले.

या सगळ्यात एक गोष्ट नजरेतून सुटते. ज्या धर्माच्या अनुयायांनी त्या थेंबांसाठी रांगा लावल्या, त्याच धर्माच्या ग्रंथात असा पुरावा मागणाऱ्याला देवाने बहुतेक वेळा नकार दिलेला आहे.

नकार देणारा देव

मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन सांगतो, की तू देवाचा पुत्र असशील तर खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशू उडी टाकत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात परूशी लोक त्याच्याकडे आकाशातून चिन्ह मागतात. तो सुस्कारा टाकतो आणि चिन्ह मिळणार नाही, असे सांगून होडीत बसून निघून जातो. शेवटी क्रूसावर असताना खालचे लोक त्याला हिणवतात, की आता खाली उतर म्हणजे आम्ही विश्वास ठेवू. तो उतरत नाही.

विठोबा नामदेवाच्या हातचा नैवेद्य खातो आणि जनाबाईबरोबर दळायला बसतो, अशा कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा देव जरा कठोरच वाटेल. इतके मागणारे असताना एकदा सिद्ध करून टाकायला काय हरकत होती?

ख्रिस्ती विचारवंतांनी याचे जे उत्तर दिले त्याला इच्छास्वातंत्र्याचे उत्तर म्हणता येईल. देवाने माणसाला होकार देण्याची जशी मोकळीक दिली तशी नकार देण्याचीही दिली, कारण नकाराची सोय नसेल तर होकाराला किंमत उरत नाही. देव उद्या ढगांतून सर्वांना दिसेल असा उभा राहिला तर कोण त्याला नाही म्हणेल? सगळे गुडघे टेकतील, पण ते प्रेम असेल की धाक?

दिल्लीच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यांना हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. चौकात वाहतूक पोलीस उभा असला की लाल दिव्याला सगळ्याच गाड्या शिस्तीत थांबतात. कोण खरोखर नियम पाळणारा आहे हे कळते ते मध्यरात्री, रस्ता रिकामा आणि पोलीस घरी असताना. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८८ मध्ये जवळजवळ हाच मुद्दा मांडला होता. देव आणि परलोक डोळ्यांसमोर स्पष्ट दिसू लागले तर माणसे चांगले वागतील खरी, पण भीतीपोटी वागतील, आणि त्या वागण्यात नीतीचा अंशही राहणार नाही. त्याच्या आधी शंभरेक वर्षे फ्रान्सचा गणिती पास्कल म्हणत होता, की पाहू इच्छिणाऱ्याला पुरेल इतका उजेड आणि न पाहू इच्छिणाऱ्याला पुरेल इतका अंधार, अशी देवाने योजना केली आहे. रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीने १८८० मध्ये पूर्ण झालेल्या 'ब्रदर्स कारामाझोव्ह'मध्ये तर एका म्हाताऱ्या धर्माधिकाऱ्याला थेट येशूसमोर उभे केले. त्याची तक्रार अशी, की लोकांना चमत्कार हवा होता, तू त्यांना स्वातंत्र्य दिलेस आणि ते ओझे त्यांना पेलले नाही.

भारतीय ख्रिश्चनांसाठी यात एक गंमत आहे. परंपरेनुसार इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरून ज्याने इथे हा धर्म आणला, तो प्रेषित म्हणजे संत थोमा. बारा शिष्यांपैकी नेमका तोच, ज्याने पुनरुत्थानाची वार्ता ऐकून सांगितले होते, की जखमांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूने त्याला हाकलून लावले नाही. जखमा पुढे केल्या. मात्र न पाहता विश्वास ठेवणारे अधिक धन्य, असेही त्याला ऐकवले.

उत्तर पुरेसे आहे का?

हे उत्तर ऐकायला सुंदर आहे. पण त्याला भोके आहेत, आणि ती दाखवायला नास्तिकच हवा असे नाही, बायबल पुरेसे आहे. लाल समुद्र दुभंगलेला पाहिलेल्या लोकांनी थोड्याच दिवसांत सोन्याचे वासरू करून त्याची पूजा मांडली. यहूदाने येशूचे चमत्कार जवळून पाहिले आणि तरीही त्याला पकडून दिले. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे सैतान हाही मूळचा देवदूत. त्याला देवाच्या अस्तित्वाबद्दल शंका असण्याचे कारणच नव्हते, तरी त्याने बंड केले. म्हणजे पुरावा मिळाल्याने नकार देण्याचे स्वातंत्र्य संपतेच असे नाही. मग तो लपवण्याचे कारण काय?

कॅनडातील तत्त्वज्ञ जे. एल. शेलनबर्ग यांनी १९९३ मध्ये या प्रश्नावर एक पुस्तकच लिहिले आणि तेव्हापासून पाश्चात्त्य विद्यापीठांत हा वाद नव्याने पेटला. त्यांचा मुद्दा कोणत्याही आईला कळेल असा आहे. मूल अंधारात आईला हाका मारते आहे, मनापासून शोधते आहे, आणि आई जवळच असून ओ देत नाही, तर तिला प्रेमळ कसे म्हणायचे? जे हट्टाने तोंड फिरवतात त्यांचे सोडा, पण जे प्रामाणिकपणे शोधतात आणि ज्यांच्या हाती काहीच लागत नाही, त्यांचे काय?

कॅथॉलिक चर्चची भूमिकाही सरळ एका बाजूची नाही. १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठामपणे सांगितले, की देवाचे अस्तित्व माणसाला बुद्धीच्या जोरावर जाणता येते. आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या परिषदेने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात मान्य केले, की श्रद्धा ही स्वखुशीचीच गोष्ट आहे आणि तिच्यासाठी कोणावरही सक्ती करता येत नाही. एकीकडे देव बुद्धीला कळतो, दुसरीकडे श्रद्धा मात्र मोकळी. सामान्य भाविक या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत राहतो.

काश्मिरी गेटचा गणिती

ज्यांनी या मधल्या जागेत उभे राहून निर्णय घेतले त्यांच्यापैकी एक दिल्लीचाच होता. मास्टर रामचंद्र हे दिल्ली कॉलेजात विज्ञान आणि गणित शिकवत. महत्तम आणि लघुतम किमती काढण्याची गणिते कलनशास्त्राशिवाय, निव्वळ बीजगणिताने सोडवण्यावर त्यांनी १८५० मध्ये पुस्तक लिहिले. ते वाचून लंडनचे गणिती द मॉर्गन इतके प्रभावित झाले, की त्यांनी १८५९ मध्ये ते तिकडे पुन्हा छापवून घेतले.

प्रत्येक पायरी सिद्ध करत पुढे जाणारा हा माणूस तरुणपणी सर्वच धर्मांकडे संशयाने पाहत असे. त्यांची समजूत होती, की शिकलेले इंग्रज मनातून धर्म मानत नसणार. एकदा केवळ कुतूहलापोटी ते चर्चमध्ये गेले, तर ज्यांच्या विद्वत्तेबद्दल त्यांना आदर होता असे इंग्रज गुडघे टेकून मनोभावे प्रार्थना करताना दिसले. एवढेच. कोठे पाणी टपकले नाही, आकाशवाणी झाली नाही. रामचंद्र घरी जाऊन वाचायला बसले. नवा करार वाचला, गीता वाचली, कुराण वाचले. ११ जुलै १८५२ रोजी त्यांनी आणि डॉक्टर चिमनलाल यांनी दिल्लीत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली. पाच वर्षांनी, ११ मे १८५७ रोजी बंडवाले शिपाई दिल्लीत शिरले आणि त्याच दिवशी डॉक्टर चिमनलाल मारले गेले. रामचंद्र कसेबसे निसटले.

राज्यकर्त्यांचाच धर्म स्वीकारण्यात किती स्वातंत्र्य आणि किती प्रभाव, असा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला असेल आणि आजही विचारता येतो. तो योग्यही आहे. पण नोकरी शाबूत असलेल्या, नाव कमावलेल्या माणसाला या निर्णयाने जे गमवावे लागले ते पाहता, त्याला फक्त स्वार्थ म्हणून मोकळे होणे कठीण आहे.

रमाबाईंचे 'नाही'

पुराव्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे पंडिता रमाबाईंइतके दुसऱ्या कोणी सोसले असेल असे वाटत नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थयात्रा करत हिंडत. पोथ्यांत सांगितलेली अनुष्ठाने, उपवास, दानधर्म सगळे यथासांग केले, होते नव्हते ते द्रव्य त्यात घातले आणि देव प्रसन्न होण्याची वाट पाहिली. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेले भाऊ आणि बहीण पायी भटकत राहिले. पुढे रमाबाईंनी लिहिले, की इतके करूनही काही घडले नाही, तेव्हा जुन्या श्रद्धेवरून त्यांचे मन उडाले.

तेव्हा त्यांनी ख्रिस्ती धर्मात अधिक भक्कम पुरावे पाहिले, असे कोणाला वाटेल. तसे झाले नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंचे खरे भांडण सुरू झाले, तेही आपल्याला आश्रय देणाऱ्या जोगिणींशी. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. येशूच्या दैवी जन्माबद्दल त्यांनी प्रश्न उभे केले. सिस्टर जेराल्डिन यांचा आग्रह असे, की चर्च सांगते ते नम्रपणे मान्य करावे. रमाबाईंचे उत्तर असे, की मोठ्या कष्टाने मी पुरोहितांच्या जोखडातून सुटले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मानेवर घेणार नाही, माझ्या सदसद्विवेकाला पटेल तेच मानीन. आश्रयाला असलेली, एकटी, लहान मुलगी पदरात असलेली पंचविशीतली विधवा परक्या देशात हे लिहीत होती. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ज्या वाचकांनी रमाबाईंना फक्त 'धर्म बदललेली बाई' म्हणून ओळखले आहे त्यांनी तो अवश्य पाहावा.

आणखी एक गोष्ट त्यांनीच नंतर कबूल केली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्याजवळ धर्म होता, पण ज्याच्यासाठी तो घेतला तो येशू त्यांना सापडला नव्हता. त्या आठ वर्षांत त्या अमेरिकेला जाऊन आल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, विधवा मुलींना शिकवू लागल्या. आतून खात्री पटलेली नसताना हे सारे उभे राहिले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरातली गोष्ट तर बहुतेक मराठी वाचकांना लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे ठाऊक आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडल्यासारखा झाला. पतीच्या मागोमाग पत्नीने जाण्याच्या त्या काळात लक्ष्मीबाई मात्र गेल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा निर्णय व्हायला १९०० साल उजाडले.

एका संताची अंधारी पत्रे

पुरावा न मिळणे ही नवख्यांची अडचण असते, पोहोचलेल्यांना देव दिसत असणार, असा आपला समज असतो. २००७ मध्ये मदर तेरेसांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली आणि हा समज हादरला. कोलकात्यात काम सुरू केल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे, मधला थोडा काळ सोडला तर, त्यांना प्रार्थनेत देवाचा काहीच प्रत्यय येत नव्हता. आत अंधार आणि रितेपणा असल्याचे त्या आपल्या धर्मगुरूंना लिहीत होत्या. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती, ती पाळली गेली नाही.

याच मदर तेरेसांना संतपद देण्यासाठी मात्र चमत्कार लागले. २००३ मध्ये त्यांना धन्य घोषित केले ते बंगालमधील एका आदिवासी महिलेच्या पोटातील गाठ त्यांच्या कृपेने गेली, या आधारावर. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ती औषधांनी बरी झाल्याचे सांगितले होते. ब्राझीलमधील एका रुग्णाचा दुसरा चमत्कार मान्य झाल्यावर ४ सप्टेंबर २०१६ रोजी त्या संत झाल्या. ज्या बाईने काहीही न दिसता पन्नास वर्षे कुष्ठरोग्यांची आणि मरणोन्मुखांची सेवा केली, तिच्यासाठी असे दाखले गोळा करावे लागावेत, हे जरा विचित्रच म्हणायचे. पत्रे वाचलेल्या अनेकांना तर तो अंधारच अधिक मोठा वाटला.

दोन कागद, एक वर्ष

अलीकडे व्हॅटिकननेही हात आखडता घेतला आहे. १७ मे २०२४ रोजी तिथल्या धर्मसिद्धांत विभागाने रडणाऱ्या मूर्ती, दर्शने आणि तत्सम घटनांबाबत नवे नियम जाहीर केले. त्यानुसार एखादी घटना दैवी आहे असे चर्चने सहसा जाहीरच करायचे नाही. जास्तीत जास्त काय, तर भाविकांनी तिथे जाण्यास हरकत नाही, एवढेच बिशप सांगू शकतो. आणि तसे सांगितले तरी ती घटना मानण्याची सक्ती कोणावरही नाही. अगदीच अपवाद करायचा तर तो अधिकार पोपचा. हे नियम २०१२ मध्ये असते तर इर्ल्याच्या धर्मगुरूंचे काम पुष्कळ सोपे झाले असते. भाविकांना शांत करायला आणि प्लंबर बोलवायला कोणाची आडकाठी नव्हती.

त्याच वर्षी दिल्लीत दुसरा कागद लागू झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. १९२७ मध्ये इंग्रजांनी घातलेले २९५ अ हे कलम त्यात २९९ या क्रमांकाने आले आहे. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलची शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद. टपकणाऱ्या पाण्याचा उगम शोधणाऱ्याने ते कुठून येते हे कोणत्या शब्दांत सांगावे, याचे मार्गदर्शन त्यात नाही.